श्टाइन्त्स (प्रतिकृती इंजिन)

श्टाइन्त्स हे एलजीबी या जर्मन नाममुद्रेखाली तयार होणारे, वाफेच्या रेल्वे इंजिनाची मोठ्या आकारातील चालती प्रतिकृती असलेले इंजिन आहे. ऑस्ट्रियातील श्टाइन्त्स गावाला जाणाऱ्या अरुंद लोहमार्गावरील १८९२ सालच्या एका छोट्या इंजिनावर ते बेतलेले आहे. १९६८ साली न्युर्नबर्ग येथील एर्न्स्ट पाउल लेमान पाटेंटवेर्क या खेळणी उत्पादक कंपनीने ते बाजारात आणले. ४५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावणारे, घरात तसेच उघड्या बागेत चालवता येणारे हे इंजिन 'जी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्यान रेल्वेच्या संपूर्ण पद्धतीचे आरंभस्थान मानले जाते. इंग्रजी भाषकांमध्ये या नावाचा उच्चार 'स्टाइन्झ' असाही केला जातो.

ही प्रतिकृती दिसण्यात वाफेच्या इंजिनाची असली, तरी ती विजेच्या मोटरीवर चालते. तसेच ज्या रुळांवर ती धावते, ते मूळ इंजिनाच्या रुळांशी प्रमाणात जुळत नाहीत. या दोन्ही तडजोडी हेतुपूर्वक केलेल्या होत्या आणि त्यांच्यामुळेच बागेतील रेल्वे हा छंद सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आला.

थोडक्यात माहिती
• मूळ इंजिन: श्टाइन्त्स क्र. २, बांधणी क्राउस कंपनी, लिंत्स, १८९२
• मूळ मार्गाचे गेज: ७६० मिलिमीटर
• प्रतिकृतीचे आगमन: १९६८, न्युर्नबर्ग
• नाममात्र प्रमाण: १:२२.५
• प्रतिकृतीच्या रुळांचे गेज: ४५ मिलिमीटर
• चाकांची रचना: दोन चालक आसांवर चार चाके
• चालक शक्ती: कमी दाबाची एकदिश वीज

मूळ इंजिन आणि त्याचा लोहमार्ग

श्टाइन्त्स हे ऑस्ट्रियाच्या आग्नेय भागातील स्टायरिया प्रांतातील लहानसे गाव आहे. प्रेडिंग-वीझेल्सडॉर्फ येथील मुख्य लोहमार्गाच्या स्थानकापासून या गावापर्यंत सुमारे ११ किलोमीटर लांबीचा स्थानिक लोहमार्ग १८९२ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर ७६० मिलिमीटर होते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, विशेषतः बोस्नियामध्ये, या मापाचे मोठे जाळे विणले गेल्यामुळे ते 'बोस्नियन गेज' म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या पुढाकाराने १८९७ साली सुरू झालेली ती गाडी आणि श्टाइन्त्सची गाडी यांच्या गेजमध्ये अवघ्या २ मिलिमीटरचा फरक होता. दोन्हींमागचा विचारही सारखाच होता. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या बाजारगावाला कमी खर्चात रेल्वेशी जोडायचे, तर रूळ अरुंद, पूल हलके आणि इंजिने लहान ठेवणे भाग होते.

या मार्गासाठी लिंत्स येथील क्राउस कारखान्यात बांधलेले दुसऱ्या क्रमांकाचे इंजिन 'श्टाइन्त्स' या नावाने ओळखले गेले. त्याला दोन आसांवर मिळून चार चाके होती आणि ती सर्व चालक चाके होती. कोळसा व पाणी इंजिनावरच वाहून नेले जात असल्याने मागे वेगळा टेंडर जोडण्याची गरज नव्हती. अशा इंजिनांना टँक इंजिन म्हणतात. सर्व वजन चालक चाकांवर पडत असल्याने ओढण्यासाठी लागणारी पकड चांगली मिळते आणि पुढील व मागील आस जवळ असल्याने तीव्र वळणे सहज घेता येतात.

या लोहमार्गाला 'फ्लाशरलत्सुग', म्हणजे 'बाटल्यांची गाडी', असे लोकनाम मिळाले. श्टाइन्त्सजवळच्या टेकड्यांत 'हॉलरहान्सल' या नावाने प्रसिद्ध असलेला एक वैदू राहत असे. रुग्णाचे मूत्र पाहून तो रोगाचे निदान करी. दोन महायुद्धांमधील काळात त्याच्याकडे जाणारे प्रवासी मूत्राचे नमुने बाटल्यांत भरून याच गाडीने नेत असत. मार्गावरील नियमित प्रवासी वाहतूक १९५१ मध्ये व मालवाहतूक १९८० मध्ये थांबली. मात्र १९७१ पासून पर्यटकांसाठी चालवली जाणारी गाडी पुढे टिकून राहिली आणि तिने 'फ्लाशरलत्सुग' हेच नाव धारण केले. मूळ श्टाइन्त्स इंजिनही भंगारात न जाता जतन केले गेले.

निर्माता कंपनी

एर्न्स्ट पाउल लेमान यांनी १८८१ साली बर्लिनच्या पश्चिमेस असलेल्या ब्रांडेनबुर्ग आन डेर हाफेल या शहरात खेळण्यांचा कारखाना काढला. पातळ पत्र्याची, किल्लीने किंवा फिरत्या चक्राने चालणारी खेळणी ही त्याची खासियत होती. अनेक यंत्रणांवर कंपनीने एकस्व मिळवलेले असल्याने तिच्या नावात 'पाटेंटवेर्क' हा शब्द आला. ही पत्र्याची खेळणी आजही जगभरातील जुन्या खेळण्यांच्या संग्राहकांमध्ये मोलाची मानली जातात.

लेमान यांच्यानंतर कारखाना त्यांचे नातेवाईक योहानेस रिश्टर यांच्या हाती आला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रांडेनबुर्ग सोव्हिएत अधिपत्याखालील भागात गेले आणि रिश्टर कुटुंबाला कारखाना गमवावा लागला. १९५१ साली त्यांनी पश्चिम जर्मनीतील न्युर्नबर्ग शहरात कंपनीची पुन्हा उभारणी केली. न्युर्नबर्ग हे पूर्वापार खेळण्यांच्या उद्योगाचे केंद्र होते आणि तेथे दरवर्षी खेळण्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारमेळा भरत असे. पत्र्याची जागा प्लास्टिक घेऊ लागले होते. योहानेस रिश्टर यांचे पुत्र वोल्फगांग व एबरहार्ड यांच्या पिढीने कंपनीला नव्या दिशेने नेले.

प्रतिकृतीचे आगमन

१९६० च्या दशकात प्रतिकृती रेल्वेचा प्रवाह लहान आकाराकडे वाहत होता. युद्धोत्तर काळातील घरे लहान होती आणि मेजावर मावेल अशी रेल्वे सर्वांना हवी होती. १:८७ प्रमाणातील एचओ पद्धत सर्वमान्य झाली होती, तर न्युर्नबर्गमधीलच आर्नोल्ड या कंपनीने केवळ ९ मिलिमीटर गेजची एन पद्धत बाजारात आणली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय असलेल्या मोठ्या आकाराच्या गाड्या जवळजवळ मागे पडल्या होत्या.

अशा काळात रिश्टर बंधूंनी १९६८ साली न्युर्नबर्गच्या मेळ्यात नेमक्या उलट दिशेने जाणारी रेल्वे मांडली. तिला 'लेमान-ग्रोस-बान', म्हणजे 'लेमानची मोठी रेल्वे', असे नाव देण्यात आले आणि त्याच्या आद्याक्षरांवरून एलजीबी ही नाममुद्रा रूढ झाली. या मालिकेतील पहिले इंजिन म्हणून श्टाइन्त्सची निवड झाली.

ही निवड व्यवहार पाहून केलेली दिसते. मुख्य मार्गावरील एखादे भव्य एक्स्प्रेस इंजिन १:२२.५ प्रमाणात केले असते, तर त्याची लांबी एक मीटरच्या आसपास गेली असती आणि त्याला वळण्यासाठी संपूर्ण बागही अपुरी पडली असती. त्याउलट श्टाइन्त्ससारख्या आखूड इंजिनाची प्रतिकृती पाव मीटरपेक्षाही थोडी कमी लांबीची होते. ती मुलाच्या दोन्ही हातांत मावते, तिच्यामागे दोन-तीन लहान डबे जोडले की गाडी पूर्ण दिसते आणि ती खोलीतील लहान वर्तुळावरही फिरू शकते. प्रमाण मोठे असल्याने धुराडे, दिवे, कठडे, रिव्हेट असे बारकावेही स्पष्ट दिसतात. मोठे प्रमाण आणि लहान मूळ इंजिन हा मेळ हेच या प्रतिकृतीच्या यशाचे मुख्य कारण ठरले.

गेज आणि प्रमाण

प्रतिकृती रेल्वेत गेज व प्रमाण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. रुळांच्या आतील कडांमधील अंतर म्हणजे गेज, तर मूळ वस्तू किती पटींनी लहान केली हे सांगणारी संख्या म्हणजे प्रमाण. गेज ठरलेले असले तरी त्यावर वेगवेगळ्या प्रमाणांतील गाड्या चालवता येतात आणि श्टाइन्त्सच्या बाबतीत हाच मुद्दा महत्त्वाचा आहे.

४५ मिलिमीटर गेज एलजीबीने नव्याने निर्माण केले नव्हते. जुन्या 'एक नंबर' गेजचे तेच माप होते. १:३२ या प्रमाणात १,४३५ मिलिमीटरचे प्रमाणित गेज सुमारे ४५ मिलिमीटर होते. एलजीबीने हेच रूळ घेतले, मात्र प्रमाण १:२२.५ ठेवले. या प्रमाणात ४५ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील सुमारे १,०१२ मिलिमीटर, अर्थात जवळजवळ मीटरगेज होते. युरोपीय प्रमाणकांमध्ये या जोडीला 'दोन-एम' असे नाव आहे. त्यामुळे स्वित्झर्लंड व जर्मनीतील मीटरगेज मार्गांवरील गाड्यांच्या प्रतिकृती एलजीबीच्या रुळांवर अचूक बसतात.

श्टाइन्त्सचे मूळ गेज मात्र ७६० मिलिमीटर होते. १:२२.५ प्रमाणात त्याचे रूपांतर केल्यास ते सुमारे ३४ मिलिमीटर येते. म्हणजे प्रतिकृतीची चाके असायला हवीत त्याहून ११ मिलिमीटर अधिक अंतरावर आहेत. मूळ आकारात मोजल्यास हा फरक सुमारे २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडा अधिक भरतो. ज्या इंजिनाने ही पद्धत लोकप्रिय केली, तेच या पद्धतीच्या नियमात बसत नाही. काटेकोर प्रतिकृतीकार याला दोष मानतात. तथापि रुंद पायामुळे इंजिन असमान जमिनीवरही स्थिर राहते आणि एकाच प्रकारच्या रुळांवर निरनिराळ्या देशांच्या गाड्या चालवता येतात, हा त्यातील लाभ आहे.

इतर उत्पादकांनीही पुढे ४५ मिलिमीटर रूळ स्वीकारले, परंतु प्रमाण आपापल्या सोयीने निवडले. आज या एकाच रुळांवर पुढील प्रमाणांतील गाड्या धावतात :

• १:३२ — प्रमाणित गेजच्या (१,४३५ मिलिमीटर) गाड्यांसाठी अचूक प्रमाण.
• १:२९ — अमेरिकन प्रमाणित गेजच्या गाड्यांसाठी वापरले जाते. गणिताने अचूक नाही, पण गाड्या अधिक भारदस्त दिसतात.
• १:२२.५ — मीटरगेजसाठी अचूक. एलजीबीचे नाममात्र प्रमाण.
• १:२०.३ — अमेरिकेतील तीन फुटी (९१४ मिलिमीटर) गेजसाठी अचूक.
• १:१३.७ — दोन फुटी (६१० मिलिमीटर) गेजसाठी जवळपास अचूक.

यामुळे 'जी' हे अक्षर नेमके एखादे प्रमाण न दर्शवता एका कुटुंबाचे नाव बनले आहे. नव्या संग्राहकांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. 'जी' असे लिहिलेली दोन इंजिने एकाच रुळांवर उभी राहतात, पण त्यांच्या चालक-कक्षांची उंची एकमेकांशी जुळत नाही. खरेदीपूर्वी अक्षराऐवजी प्रमाणाची संख्या पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. साधी कसोटी म्हणजे माणसाची उंची. १७० सेंटीमीटर उंचीचा इंजिनचालक १:२२.५ प्रमाणात साडेसात सेंटीमीटरचा, तर १:३२ प्रमाणात सव्वापाच सेंटीमीटरचा होतो.

रचना व कार्य

वाफेच्या खऱ्या इंजिनात सिलिंडरमधील दट्ट्या वाफेच्या दाबाने मागेपुढे सरकतो आणि जोडदांड्याद्वारे चाके फिरवतो. श्टाइन्त्सच्या प्रतिकृतीत हा क्रम उलटा आहे. इंजिनाच्या खालच्या भागात दोन आसांच्या मध्ये विजेची मोटर बसवलेली असते. मोटरीच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना स्क्रूसारखी आटे असलेली चक्रे असतात व ती आसांवरील दंतचक्रांना फिरवतात. अशा रीतीने दोन्ही आसांना शक्ती मिळते. चाके फिरली की त्यांना जोडलेले दांडे हलतात आणि दट्ट्याचा दांडा सिलिंडरमध्ये मागेपुढे सरकताना दिसतो. खऱ्या इंजिनात दट्ट्या चाकाला ओढतो, तर येथे चाक दट्ट्याला ओढते.

वीज रुळांमधून येते. एक रूळ धन व दुसरा ऋण असतो. रूळ व इंजिन यांतील विद्युत संपर्क केवळ चाकांवर अवलंबून ठेवलेला नाही. दोन आसांच्या मध्ये रुळांवर घासत जाणारे स्प्रिंगचे संपर्कतुकडेही असतात. बागेतील रुळांवर धूळ, माती व पाने येतात, त्यामुळे चारच चाके असलेल्या इंजिनाचा संपर्क वारंवार तुटण्याचा संभव असतो. हे तुकडे तो संभव कमी करतात. रुळांवरील विजेचा दाब शून्यापासून सुमारे १८ व्होल्टपर्यंत कमीजास्त करून वेग बदलला जातो, तर धन व ऋण बाजू उलट केल्यास इंजिन मागे धावते. १९९० च्या दशकापासून कंपनीने अंकीय नियंत्रण पद्धतही आणली. तिच्यात रुळांवर विजेचा दाब स्थिर राहतो आणि प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा मिळते. त्यामुळे एकाच रुळांवर अनेक गाड्या निरनिराळ्या वेगाने चालवता येतात.

धुराड्यात बसवलेल्या लहान तापकात विशिष्ट तेलाचे काही थेंब टाकले असता पांढरा धूर निघतो. हा धूर इंजिन वाफेवर चालत असल्याचा भास निर्माण करतो, परंतु इंजिनाच्या चालण्याशी त्याचा संबंध नसतो.

वेगाच्या बाबतीतही प्रमाण पाळावे लागते. मूळ गाडी ताशी २५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर प्रतिकृतीने सेकंदाला सुमारे ३१ सेंटीमीटर अंतर कापले पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक प्रतिकृती याहून वेगाने चालवल्या जातात आणि त्यामुळे त्या खेळण्यासारख्या दिसू लागतात.

वाफेऐवजी वीज

बागेतील रेल्वेसाठी प्रत्यक्ष वाफेवर चालणारी इंजिनेही बनवली जातात. जपानमधील ॲस्टर, ब्रिटनमधील राउंडहाउस व अमेरिकेतील ॲक्युक्राफ्ट या कंपन्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. राउंडहाउसने दार्जिलिंग हिमालयीन रेल्वेच्या 'बी' वर्गाच्या इंजिनाचीही वाफेवरील प्रतिकृती बनवली आहे. एलजीबीनेही ॲस्टरकडून 'फ्रँक एस' नावाचे खऱ्या वाफेचे इंजिन तयार करून घेतले होते. तथापि श्टाइन्त्ससारख्या मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या इंजिनाला वीजच सोयीची होती. त्यामागे भौतिक कारणे आहेत.

आकारमान लहान करताना सर्व राशी सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. १:२२.५ प्रमाणात लांबी साडेबावीस पटींनी, पृष्ठफळ सुमारे ५०६ पटींनी, तर घनफळ व वजन सुमारे ११,४०० पटींनी घटते. १० टन वजनाचे इंजिन त्याच धातूंत हुबेहूब लहान केले, तर ते एक किलोग्रॅमपेक्षाही हलके होईल आणि त्याची पकड क्षीण असेल. बाष्पकातील पाण्याचे घनफळ ११,४०० पटींनी घटते, पण उष्णता बाहेर टाकणारे पृष्ठफळ केवळ ५०६ पटींनी घटते. परिणामी लहान बाष्पक त्यातील पाण्याच्या मानाने कितीतरी लवकर थंड होतो. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी प्रमाणात बारीक केली, तर पृष्ठताणामुळे पाणी तिच्यात अडकून राहते व चुकीची पातळी दाखवते. म्हणूनच वाफेवरील प्रतिकृतींमध्ये कोळशाऐवजी ब्युटेन वायू किंवा स्पिरिट वापरले जाते, काचनळी व झडपा प्रमाणापेक्षा मोठ्या ठेवल्या जातात आणि दाब मर्यादित ठेवणारी सुरक्षा झडप अत्यावश्यक असते.

अशा इंजिनाला पाणी भरणे, तेल घालणे, पेटवणे व दाब येईपर्यंत थांबणे आवश्यक असते. त्याचे भाग हात भाजण्याइतके तापतात. मुलांच्या हाती द्यायच्या आणि वर्षानुवर्षे विनातक्रार चालायच्या इंजिनासाठी विजेची मोटर हा सुरक्षित व स्वस्त पर्याय होता. विजेवरील प्रतिकृती वाफेच्या इंजिनाचे रूप जपते, तर वाफेवरील प्रतिकृती त्याचे कार्य जपते. संग्राहकांमधील दोन परंपरा याच भेदावर उभ्या आहेत.

बागेतील वापर

एलजीबीच्या गाड्या सुरुवातीपासून घरात व बाहेर दोन्हीकडे चालाव्यात अशा बेताने बनवल्या गेल्या. इंजिनाचे बाह्यांग ऊन व पाऊस सहन करणाऱ्या प्लास्टिकचे असते. रूळ भरीव पितळेचे असून त्यांची उंची सुमारे ८.४ मिलिमीटर असते. १:२२.५ प्रमाणात ही उंची फारच जास्त आहे, पण त्यामुळे रूळ बागेत पाय पडला तरी सहसा वाकत नाहीत.

सर्वांत लहान वळणाची त्रिज्या ६०० मिलिमीटर आहे. ३० अंशांचे १२ तुकडे जोडले की एक वर्तुळ पूर्ण होते. मूळ आकारात ही त्रिज्या केवळ साडेतेरा मीटर भरते. कोणत्याही प्रत्यक्ष प्रवासी लोहमार्गावर इतके तीव्र वळण व्यवहार्य नसते. अनुभवी छांदिष्ट म्हणून बागेत शक्य तितकी मोठी वळणे घालतात. श्टाइन्त्सचा संपूर्ण ११ किलोमीटरचा मार्ग १:२२.५ प्रमाणात मांडायचा ठरवला, तर सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचे रूळ लागतील. त्यामुळे प्रत्येक उद्यान रेल्वे ही प्रमाणाच्या दृष्टीने मूळ मार्गाचा संक्षेपच असते.

बागेत रूळ टाकताना पुढील बाबींकडे लक्ष द्यावे लागते :

• पाया : माती खचू नये म्हणून खडीचा किंवा काँक्रीटचा पाया करतात. पाणी साचू नये यासाठी निचऱ्याची व्यवस्था आवश्यक असते.
• प्रसरण : पितळ उष्णतेने लांबते. तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडल्यास १० मीटर रूळ सुमारे ६ मिलिमीटरने वाढतात. म्हणून सांध्यांत फट ठेवतात व रूळ पायाला घट्ट जखडत नाहीत.
• चढ : आखूड व हलके इंजिन तीव्र चढावर घसरते. शक्यतो १०० मीटरला २ ते ३ मीटरपेक्षा जास्त चढ ठेवत नाहीत.
• विद्युत संपर्क : पितळ हवेत काळवंडते व त्यावरील थर वीज अडवतो. रूळ वेळोवेळी पुसावे लागतात. ही कटकट टाळण्यासाठी काही जण इंजिनात किंवा मागील डब्यात बॅटरी बसवून रेडिओद्वारे नियंत्रण करतात.
• सुरक्षितता : घरगुती विजेला जोडलेला रोहित्र नेहमी कोरड्या, बंदिस्त जागी ठेवावा लागतो. बागेत फक्त कमी दाबाची वीज नेली जाते.

आवृत्त्या व संग्रह

श्टाइन्त्सची रचना मूलतः फारशी न बदलता अनेक दशके उत्पादनात राहिली. हिरव्या, काळ्या, लाल अशा विविध रंगांत, निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांच्या चिन्हांसह, नाताळ व वर्धापनदिनांच्या निमित्ताने तसेच जाहिरातींसाठी तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. नव्या ग्राहकांसाठीच्या आरंभसंचात इंजिन, डबे, रुळांचे वर्तुळ व रोहित्र एकत्र मिळत असल्याने असंख्य कुटुंबांचे पहिले इंजिन श्टाइन्त्सच होते.

एवढ्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे साधी श्टाइन्त्स दुर्मीळ नाही. संग्राहक मूल्य ठरवताना पुढील गोष्टी पाहतात :

• सूची-क्रमांक व त्यानुसार ठरणारी रंगसंगती.
• तळावरील उत्पादनस्थळाचा उल्लेख. 'पश्चिम जर्मनी' असा छाप जर्मन एकीकरणापूर्वीचा काळ सुचवतो.
• मूळ खोके, पुस्तिका व सुटे भाग यांची उपलब्धता.
• उन्हाने रंग फिका झाला आहे का, आणि दिवे, कठडे, शिट्टी, जोडकड्या यांसारखे नाजूक भाग शाबूत आहेत का.
• दंतचक्रे व संपर्कतुकडे यांची झीज. खोक्यात जपलेले इंजिनही वंगण सुकल्याने अडकू शकते.

बागेत चाललेले इंजिन आणि खोक्यात राहिलेले इंजिन यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. संग्रह म्हणून जपावे की चालवून आनंद घ्यावा, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक संग्राहकापुढे उभा राहतो. श्टाइन्त्सच्या बाबतीत तो तुलनेने सोपा आहे. झिजणारे भाग बदलता येतात व यंत्रणा साधी आहे, म्हणून जुनी इंजिने दुरुस्त करून पुन्हा चालवण्याची प्रथा रूढ आहे.

नादारी व हस्तांतर

एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रतिकृती रेल्वेचा युरोपीय बाजार आक्रसू लागला. मुलांचे लक्ष संगणकीय खेळांकडे वळले, जुन्या छांदिष्टांचे वय वाढले आणि उत्पादनखर्चही वाढला. सप्टेंबर २००६ मध्ये एर्न्स्ट पाउल लेमान पाटेंटवेर्क कंपनीने नादारी जाहीर करण्यासाठी अर्ज केला. २००७ साली जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्क्लिन या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीने एलजीबीचा व्यवसाय घेतला. मेर्क्लिनने स्वतःही फेब्रुवारी २००९ मध्ये नादारीचा अर्ज केला, पण ती त्यातून सावरली आणि २०१३ साली सिंबा-डिकी या खेळणी समूहाच्या मालकांकडे गेली. एलजीबीचे उत्पादन हंगेरीतील ग्योर येथील कारखान्यात होऊ लागले.

या घडामोडींत संग्राहकांची मुख्य चिंता सुट्या भागांची होती. मोटर, दंतचक्र वा संपर्कतुकडा मिळेनासा झाला की चालते इंजिन शोभेची वस्तू बनते. त्या काळात अनेक छोटे कारागीर व दुरुस्ती करणारे पर्यायी भाग बनवू लागले. मेर्क्लिनने एलजीबीचे नाव कायम ठेवले आणि श्टाइन्त्सच्या नव्या आवृत्त्याही काढल्या, त्यामुळे ही मालिका खंडित झाली नाही.

प्रभाव व मूल्यमापन

एलजीबीच्या यशानंतर मोठ्या आकाराच्या गाड्यांना पुन्हा बाजारपेठ मिळाली. १९६९ मध्ये मेर्क्लिननेही 'एक नंबर' गेजचे उत्पादन पुन्हा सुरू केले. पुढील दशकांत युरोप व अमेरिकेत ४५ मिलिमीटर रुळांवर धावणाऱ्या गाड्यांचे अनेक उत्पादक उभे राहिले. ज्यांच्या गाड्या निरनिराळ्या प्रमाणांतील आहेत, अशा छांदिष्टांनाही रूळ, सांधे व रोहित्र एकमेकांचे वापरता येतात. हे सामायिक माप एलजीबीने रुजवले आणि त्याची पहिली गाडी श्टाइन्त्सने ओढली.

या प्रतिकृतीवरील टीका प्रामुख्याने अचूकतेबाबत आहे. चुकीचे गेज, प्रमाणापेक्षा उंच रूळ, मोठ्या जोडकड्या व अवास्तव तीव्र वळणे यांमुळे ती खेळणे व प्रतिकृती यांच्या सीमारेषेवर राहते, असे काटेकोर प्रतिकृतीकारांचे म्हणणे आहे. अचूकतेला प्राधान्य देणारे काही जण ७६० मिलिमीटर गेजच्या गाड्यांसाठी १:२२.५ प्रमाणातच ३२ मिलिमीटर रुळांची 'दोन-ई' पद्धत वापरतात. तिच्यात रुंदी वास्तवाच्या बरीच जवळ जाते, पण तयार गाड्यांची उपलब्धता मर्यादित असल्याने बरेच काम हाताने करावे लागते.

दुसऱ्या बाजूने पाहता, मोजक्या गाड्या व ११ किलोमीटर रूळ एवढाच विस्तार असलेल्या एका ग्रामीण लोहमार्गाचे नाव जगभरातील घरांत पोहोचले ते या प्रतिकृतीमुळे. तशाच मापाच्या अनेक अरुंद लोहमार्गांची इंजिने भंगारात गेली आणि त्यांची नावे स्थानिक स्मृतीपुरती उरली. श्टाइन्त्सचे मूळ इंजिन जतन झाले, तेथील पर्यटक गाडी टिकली आणि बागेत धावणाऱ्या तिच्या लहान रूपामुळे त्या गावाला भेट देणारे छांदिष्टही निर्माण झाले.

हे सुद्धा पहा

• उद्यान रेल्वे
• प्रतिकृती रेल्वे
• नॅरोगेज
• बार्शी लाइट रेल्वे
• दार्जिलिंग हिमालयीन रेल्वे
• वाफेचे इंजिन
• मेर्क्लिन